घराचा कागद हयातीतच करा

कॅम्प ५ मध्ये आम्ही कापडवाले ताग्याताग्याची पावती जपतो, पण राहत्या घराचे कागद मय्यतीनंतरच शोधतो. मग भावांत वाद होतो आणि बहिणीचा हिस्सा बुडतो.

वसियत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशावर जात नाही. हयातीत हिबा करता येतो. पण देणे, स्वीकारणे आणि ताबा, तिन्ही हवेत.

घर अखंड राखायचे तर वक्फ-अलल-औलाद आहे. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने असा वक्फ अमान्य केला. १९१३ च्या कायद्याने तो पुन्हा मान्य झाला. मात्र वक्फ केलेले घर परत घेता येत नाही. २०२५ च्या दुरुस्तीनुसार त्याने मुलींचा वारसाहक्कही डावलता येत नाही.

बांधवांनो, आधी घराची सनद कोणाच्या नावावर आहे ते पाहा, मुलींनाही सोबत बसवा, मगच वकील गाठा.