माणूस कोमेजला, तर कोणती फवारणी?

कपाशीचे पान लाल पडले की आपण लगेच कारण शोधतो. पण माणूस कोमेजला तर?

भडगाव तालुक्यात एका शेतकऱ्याच्या वावरात तण माजलेले दिसले. मी निंदणीचे सांगितले, फवारणीचे प्रमाण लिहून दिले आणि निघालो. बायको वारल्यापासून तो पारावर बसत नाही, भजनाला जात नाही, झोप येत नाही म्हणून दवाखान्याच्या चकरा मारतो, हे नंतर शेजाऱ्याकडून कळले. निदान माझेच चुकले होते.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण एकटेपणावर गोळी नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत 'आत्मीयता' प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती खचलेल्याचे ऐकून घेत, सुटलेली आवडीची कामे पुन्हा धरायला लावत, सरकारी योजनेची वाट दाखवत. दुखणे जास्त असेल तर दवाखान्यात पाठवत. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही २०१९ पासून रुग्णाला बागकाम, गाणे, चालणे अशा गटांशी जोडून देणारी माणसे मोठ्या प्रमाणावर नेमायला सुरुवात केली.

आपल्या गावात भजनी मंडळ आहे, बचत गट आहे, शेतकरी गट आहे. जोडणारा हवा. यासाठी एवढे करा:

१. ग्रामपंचायत अधिकारी व सरपंचांनी अशा गटांची यादी, बैठकीचा वार व प्रमुखाचे नाव आशाताईंकडे आणि उपकेंद्रात द्यावे.

२. 'या कधीतरी' म्हटल्याने कोणी येत नाही. पहिल्या दिवशी घरी जाऊन सोबत आणा. आल्यावर हाती काहीतरी काम द्या. टाळ द्या, हजेरीची वही द्या.

३. विधवा भगिनींना हळदीकुंकवात बाजूला ठेवले जाते. बचत गटात त्यांना मानाने बसवा.

४. घरचे दुःख पारावर चघळू नका.

५. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी केली, तर त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलपात ठेवा, लगेच दवाखान्यात न्या. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

त्या शेतकऱ्याकडे मी शेजाऱ्याला घेऊन पुन्हा गेलो. भजनाला तो अजून येत नाही. शेतकरी गटाच्या बैठकीत मात्र कडेला बसून होता. उठताना म्हणाला, "साहेब, पुढली बैठक कव्हय शे?"