शिंगवाला कोण, काळा कोण?

इंग्लंडच्या दक्षिणेकडे जूनच्या संध्याकाळी बागेत घरघर करत एखादा भुंगेरा उडताना दिसला, तर तो बहुधा ल्युकानस सर्व्हस, म्हणजे थोरला स्टॅग बीटल. नराची लांबी ७५ मिलिमीटरपर्यंत भरते. डोके काळे, पंखांवरची कवचे तपकिरी आणि पुढे हरणाच्या शिंगांसारखे जबडे. ते चावण्यासाठी नसतात. दुसऱ्या नराला उचलून उलटे पाडण्यासाठी असतात.

धाकटा, डॉर्कस पॅरलेलिपिपेडस, जेमतेम २० ते ३२ मिलिमीटरचा, सगळाच मंद काळा. नर-मादी साधारण सारखेच.

गफलत होते ती थोरल्याच्या मादीपाशी, कारण तिचे जबडेही छोटेच. रंग बघा. तिची कवचे तपकिरी आणि गुळगुळीत असतात, धाकट्याची काळी.

खरा फरक मात्र आयुष्याच्या हिशेबात आहे. थोरल्याची अळी जमिनीखालच्या कुजक्या लाकडावर तीन ते सात वर्षे काढते आणि प्रौढ होऊन बाहेर आल्यावर काही आठवडेच जगते. धाकटा प्रौढ झाल्यावरही वर्षभराहून अधिक जगू शकतो. त्याच्या अळ्यांना जमिनीवर पडलेला ओंडकाही चालतो. म्हणूनच जुना बुंधा खणून काढणे थोरल्याला फार महाग पडते: एका दुपारच्या साफसफाईत अळ्यांच्या कित्येक वर्षांची वाढ संपते. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्याने थोरल्याच्या विक्रीवर बंधन आहे, पण त्याला खरी गरज आहे ती न हलवलेल्या लाकडाची.