अंगातील रॉड-प्लेट आणि एम. आर. आय. तपासणी



ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून पडून किंवा मोटारसायकल घसरून मांडीत रॉड, पायात प्लेट बसलेली माणसे गावोगाव आहेत. अशा माणसाला पुढे कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी एम. आर. आय. लिहून दिला की घरात घोळ सुरू होतो. कुणी म्हणतो, "मशीन रॉड ओढून काढतंय." कुणी सांगतो, "बोलूच नको, नाहीतर परत पाठवतील." आमच्या मते दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा घातक आहे.

एम. आर. आय.मध्ये क्ष-किरण नसतात. असतो तो प्रचंड ताकदीचा लोहचुंबक. उसाबरोबर आलेला कोयता किंवा नट-बोल्ट मिलमध्ये जाऊ नये म्हणून केन कॅरिअरवर लोहचुंबक बसवतात, तो काही सभासदांनी पाहिला असेल. विजेवरचा असला तर बटण बंद करताच तो लोखंड सोडतो. एम. आर. आय.च्या मोठ्या यंत्रांचे तसे नाही. तपासणी चालू नसली तरी, रात्रीसुद्धा, चुंबक जागाच असतो. १.५ टेस्लाचे यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ओढ; ३ टेस्लाचीही यंत्रे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन या खोलीत गेला आणि सिलिंडरसह यंत्राकडे ओढला जाऊन दगावला. त्याच्या अंगात धातू नव्हता, हातात होता.

मग हाडातला रॉड कसा चालतो? तो बहुधा टिटॅनियमचा किंवा खास प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा असतो. टिटॅनियमला लोहचुंबक ओढत नाही, या स्टीललाही जवळजवळ नाहीच. शिवाय हाडाने आणि स्क्रूने तो धरून ठेवलेला असतो. त्यामुळे रॉड, प्लेट, बदललेला गुडघा किंवा खुबा असलेल्या बहुतेकांची तपासणी होऊ शकते. हृदयातल्या स्टेंटचेही तसेच. अडचण राहते ती एवढीच, की रेडिओ लहरींनी धातू थोडा तापू शकतो आणि त्याच्या आसपासचे चित्र बिघडते. मांडीत रॉड असताना मणक्याचे चित्र छान येईल. पण त्याच मांडीचे हवे असेल तर डॉक्टर कदाचित सी. टी. स्कॅन सुचवतील.

खरी काळजी निराळ्या ठिकाणी आहे. जुने पेसमेकर या चुंबकापाशी बिघडू शकतात. अमेरिकेत एम. आर. आय.ला चालणाऱ्या पहिल्या पेसमेकरला २०११ साली मान्यता मिळाली. त्याचेही सेटिंग तपासणीपूर्वी बदलून नंतर पूर्ववत करावे लागते. सबब, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीवर पूर्वी लोहयुक्त क्लिपा लावत. अशी क्लिप सरकून रुग्ण दगावल्याची नोंद १९९३ साली प्रसिद्ध झाली. कानातल्या कॉक्लिअर यंत्रात स्वतःचाच चुंबक असतो, म्हणून त्याचे मॉडेल पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट वर्कशॉपमधल्या मंडळींसाठी. ग्राइंडिंग, वेल्डिंग करताना डोळ्यात लोखंडाची कुसळ गेली असेल, तर वीस वर्षांपूर्वीची असली तरी सांगा. डोळ्यातला असा तुकडा तपासणीत हलून दृष्टी गेल्याची नोंद १९८६ ची आहे. आधी डोळ्याचा साधा एक्स-रे काढला की उलगडा होतो.

ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड आणि त्यावरचे कंपनीचे, मॉडेलचे स्टिकर सातबाऱ्यासारखे जपून ठेवावे. हरवले असल्यास जिथे ऑपरेशन झाले तिथल्या दप्तरात चौकशी करावी. घरी चुंबक लावून पाहण्याचा उद्योग करू नये, त्यातून काही कळत नाही. मंगळसूत्र, जोडवी, सेफ्टी पिन, चांदीचा करदोडा, किल्ल्या, चुन्याची डबी, अडकित्ता, मोबाईल हे सारे बाहेर ठेवावे. सोबत आलेल्यांनीही.

आत जाताना हातात रबरी फुगा देतात. रॉडच्या जागी गरम लागले किंवा ओढ जाणवली तर लाजू नये, फुगा दाबावा. तपासणी लगेच थांबवतात.