मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन, तुमचा फोन आणि टेबलावरून पडलेलं इंजिन

दोन वर्षं मी कामानिमित्त इंग्लंडच्या उत्तर भागात होतो. तिकडे शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात, शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन भरलेलं असायचं. मी लहानपणापासून रेल्वेवेडा, त्यामुळे पहिल्याच महिन्यात जाऊन आलो. आत वीसेक लेआउट, धुराड्याची इंजिनं, हाताने लावलेली एकेक झाडं. डोळे फिरले अक्षरशः! पण तासाभराने लक्षात आलं, की लेआउट चालवणारी मंडळी मागच्या बाजूला उभी राहून एकमेकांशीच बोलतायत. टेबलं छातीइतकी उंच. सोबत आलेल्या मित्राची पाच वर्षांची मुलगी पूर्ण वेळ त्याच्या खांद्यावर होती, आणि जागोजागी ‘हात लावू नये’च्या पाट्या. मी एकाला विचारलं, एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने कशा चालतात? त्याने उलट मलाच विचारलं, तुम्ही किती वर्षं मॉडेलिंग करताय? शून्य म्हटल्यावर गडी पुन्हा मित्राशी गप्पा मारायला लागला.

त्याच हॉलच्या कोपऱ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थाने मात्र काही न विचारता कंट्रोलर माझ्या हातात दिला. हा छंद मला लागला तो त्या पाच मिनिटांमुळे.

माझा पहिला प्रश्न तुम्हालाही पडला असेल, तर उत्तर आधी देऊन टाकतो. जुन्या पद्धतीत रुळांमध्ये बारा व्होल्टपर्यंत डीसी वीज सोडतात. व्होल्टेज वाढवलं की गाडी पळते, उलटं केलं की मागे जाते. म्हणजे त्या रुळावरची प्रत्येक गाडी एकच हुकूम ऐकणार. डीसीसी नावाच्या डिजिटल पद्धतीत रुळात कायम पूर्ण वीज असते, फक्त तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते. या उलटण्याच्या वेळेतच संदेश लपलेला असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘१’, १०० किंवा जास्त असेल तर ‘०’. इंजिनाच्या पोटातली छोटी चिप, म्हणजे डिकोडर, हे वाचते आणि संदेशावरचा पत्ता आपला आहे का ते बघते. असेल तरच मोटर हलवते. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना मेसेज जावा आणि ज्याचं नाव टॅग केलंय त्यानेच काम करावं, तसं काहीसं.

पैसे जातात कुठे?

तिकडे नवीन इंजिन सहज दीडशे-दोनशे पौंडांच्या घरात जातं. आणि प्रदर्शनाचा खर्च वेगळाच. मोठा लेआउट आणायचा तर व्हॅन लागते, लांबून येणाऱ्यांची राहण्याची सोय लागते, हॉलचं भाडं, विमा, जेवण. हे सगळं शेवटी तिकिटात येतं. शिवाय टेबलं उचलणारे हात म्हातारे होत चाललेत. बर्मिंगहॅमच्या एनईसीमध्ये वॉर्ले क्लबचं फार मोठं प्रदर्शन भरायचं. २०२३ नंतर ते बंदच झालं.

आपल्याकडे गणित आणखी अवघड आहे. आयात केलेलं मॉडेल कस्टम्सच्या लेखी खेळण्यांच्या गटात मोडतं, आणि खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेली. देशी खेळणी उद्योगासाठी ते ठीक असेलही, पण कॉलेजातल्या पोराने पॉकेटमनीतून इंजिन घ्यायचं म्हणजे विषय संपला. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. ते बघून भारावलेली कितीतरी मुलं मला भेटलीत. पण बघणं आणि स्वतः सुरू करणं यांच्या मधली पायरीच गायब आहे. ही पायरी कमी पैशात बांधता येते का, हे बघायला परत आल्यावर आम्ही पाच जण एकत्र आलो. त्यात मी, कॉलेजचे तीन मित्र आणि गटाचे ज्येष्ठ, म्हणजे एक निवृत्त काका.

व्हॅन नको, सॅक पुरे

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते टी-ट्रॅक नावाचं स्टँडर्ड. हे एन गेजमध्ये चालतं, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर. प्रत्येकाने आपापला एक लहान खोका बनवायचा. साध्या सरळ खोक्याची लांबी ३०८ मिलिमीटर, म्हणजे साधारण शाळेतल्या पट्टीएवढी. वरचं दृश्य काहीही असो, डोंगर, चाळ, वडापावची गाडी, पण दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागीच यायला हवेत. मग अनोळखी माणसांचे खोकेही एकमेकांना ‘टक’ करून जोडले जातात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा एपीआय झाला. आत काय केलंय ते तुमचं तुम्ही बघा, जोडणीची जागा तेवढी पाळा.

चार कोपऱ्यांचे खोके आणि चार सरळ खोके घेतले, तर साडेचार फूट बाय अडीच फुटांच्या टेबलावर पूर्ण वर्तुळ बसतं. टेबल हॉलमध्ये असतंच. खोके सॅकमध्ये घालून पीएमटीने नेता येतात (आम्ही अजून पीएमटीच म्हणतो). आणि नवीन माणसाला अख्खा लेआउट बांधावा लागत नाही. एक खोका आणला की तो प्रदर्शनात सहभागी. त्याला तिकीट कशाला लावायचं?

भारतीय गाड्यांसाठी मात्र एक अडचण आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, आणि बाजारातलं मॉडेल सामान बहुतेक १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजवर बेतलेलं. त्यामुळे एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ चा रूळ १६.५ मिलिमीटरचा, पण आपली गाडी प्रमाणात बसवायची तर १९ पेक्षा जास्त हवा. बहुतेक लोक इथे डोळेझाक करतात, मीही करतो. पण एक गंमत बघा. माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटर गेजची. ६१० भागिले ९ करा, साधारण ६८ येतं. म्हणजे स्वस्तातल्या एन गेजच्या रुळावर १:६८ च्या आसपास माथेरानची गाडी जवळजवळ बरोबर बसते! खाली जुन्या एन गेज इंजिनाचा सांगाडा, वर पुठ्ठ्याचा किंवा थ्रीडी प्रिंट केलेला डबा. वळणंही घट्ट चालतात, कारण खऱ्या घाटात ती तशीच आहेत. प्रदर्शनात लोक आधी ‘डेक्कन क्वीन कुठाय?’ असं विचारतात आणि मग माथेरानच्या खोक्यापाशी रेंगाळतात. तिथे त्यांच्या स्वतःच्या आठवणी निघतात.

कंट्रोलर म्हणजे तुमचा फोन

परदेशी डिजिटल सेट मागवला तर वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जातो. त्याऐवजी डीसीसी-ईएक्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. आर्डुइनो मेगा बोर्ड, वर मोटर शील्ड, एक ॲडाप्टर आणि वायफाय मॉड्यूल, की झालं कमांड स्टेशन. बोर्डाचा क्लोन हजार-दीड हजारात मिळतो. ॲडाप्टर मात्र चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर नावाचं मोफत ॲप आहे, आयफोनवर वायथ्रॉटल. फोनवर स्लायडर सरकवला की गाडी निघाली.

इथे मी जास्त हुशारी केली. प्रदर्शनाला आलेला माणूस पाच मिनिटांसाठी ॲप कशाला टाकेल? म्हणून मी ईएसपी३२ वर एक वेबपेज बनवलं. क्यूआर कोड स्कॅन करा, पेज उघडा, गाडी चालवा. घरी एकदम भारी चाललं.

आमचं पहिलं प्रदर्शन एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. पहिला धक्का असा, की ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ म्हणत लोकांचे फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारायचे. पेज अडकायचं. ‘कनेक्टेड राहा’ हे बटण दाबा, असं मी चाळीस वेळा तरी सांगितलं असेल.

दुसरा धक्का दुपारी बसला. दहाएक वर्षांचा एक मुलगा आईच्या फोनवरून गाडी चालवत होता. इंजिन काकांचं होतं. त्यांच्या मुलाने परदेशातून आणलेलं, काका ते कपाटात कापडात गुंडाळून ठेवायचे. त्याच वेळी आईला कॉल आला. ब्राउझर मागे गेला, मुलाने फोन आईकडे दिला, आणि स्लायडर होता पूर्ण वर. माझ्या प्रोग्रामने शेवटचा वेग लक्षात ठेवलेला, नवीन हुकूम आला नाही म्हणून तोच वेग चालू. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. पोहोचेपर्यंत वळणावर इंजिन रुळावरून सुटलं आणि थेट फरशीवर.

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. मुलगा पांढराफटक. आई कॉल कट करून म्हणाली, ‘किती झाले सांगा, मी जीपे करते.’ काकांनी तुटलेला कपलर उचलला, चेहरा उतरला होता, पण म्हणाले, ‘अहो ताई, राहू द्या. चूक याची आहे.’ आणि माझ्याकडे बोट दाखवलं. बरोबरच होतं. पण तो मुलगा पुन्हा टेबलाजवळ आला नाही. काकांनी किती समजावलं, तरी दारापाशीच उभा राहिला. इंग्लंडमधल्या त्या पाट्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि मी पाटी न लावता त्या पोराला तेच शिकवून पाठवलं.

तांत्रिक चूक काय होती? वायथ्रॉटलच्या प्रोटोकॉलमध्ये हार्टबीटची सोय असते. फोन ठराविक वेळाने ‘मी आहे’ असं कळवतो, कळवलं नाही तर गाडी थांबते. खऱ्या इंजिनात चालक ठरावीक वेळ काहीच हालचाल करत नसेल तर ब्रेक लागण्याची यंत्रणा असते, तेच तत्त्व. माझ्या पेजमध्ये ते नव्हतंच. आता आहे. फोन दर सेकंदाला निरोप पाठवतो, तीन सेकंद आला नाही की गाडी हळूहळू थांबते. पेज मागे गेलं की लगेच वेग शून्य.

त्याहून सोपा उपाय डिकोडरमध्येच होता. डिकोडरच्या सेटिंगना सीव्ही म्हणतात. सीव्ही ५ म्हणजे कमाल वेग, सीव्ही ३ वेग घेण्याचा आणि सीव्ही ४ थांबण्याचा सावकाशपणा. सीव्ही ५ कमी ठेवला की मुलाने स्लायडर पूर्ण वर नेला तरी गाडी वळणावर टिकते. हे मला आधी माहीत होतं. केलं नव्हतं, एवढंच. टेबलाच्या कडेला आता दोन इंची ॲक्रिलिकची पट्टीही आहे.

नंतर काय बदललं

दुसऱ्या प्रदर्शनात पाहुण्यांचे फोन वापरणंच सोडून दिलं. आमच्या ड्रॉवरमध्ये पडलेले दोन जुने फोन, एकाची स्क्रीन तडकलेली, टेबलाला दोरीने बांधले. त्यांच्यावर कॉल येत नाही, इंटरनेटची भानगड नाही. ज्यांना स्वतःच्याच फोनवरून चालवायचंय त्यांच्यासाठी क्यूआर आहेच.

एक इंजिन खास ‘पडलं तरी चालेल’ म्हणून ठेवलंय. सेकंडहँड सांगाडा, वर पुठ्ठ्याचं कवच. कवच फाटलं तर नवीन कापायला वीस मिनिटं लागतात, आणि एखाद्या मुलालाच कात्री दिली तर तोच खरा कार्यक्रम होतो. एक टेबल कमी उंचीचं आहे, व्हीलचेअर आणि लहान मुलं दोघांसाठी. खोक्यांवरची माहिती मराठीत, त्यात प्रत्येक वस्तूची किंमतही लिहिलीय. किंमत लिहायला काकांचा विरोध होता, ‘दुकान वाटेल’ म्हणाले. पण लोक लाजून न विचारणारा प्रश्न नेमका तोच असतो. शिवाय एक टेबल जुन्या सामानाच्या अदलाबदलीचं.

तिकिटाचं म्हणाल, तर जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या मिनिएचर वंडरलँडची एक पद्धत मला फार आवडते. ते जगातल्या सर्वांत मोठ्या मॉडेल रेल्वेंपैकी एक. हिवाळ्यातल्या काही दिवसांत ‘मला परवडत नाही’ एवढं म्हटलं की फुकट आत सोडतात, पुरावा मागत नाहीत. आमचा हॉल एवढासा, आम्ही तिकीटच ठेवत नाही. दारात एक डबा असतो. भाडं अजून पूर्ण निघत नाही, उरलेलं पाच जणांत वाटून घेतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आधी इंजिन घेऊ नका. एक खोका बनवा. प्लायवूड किंवा जाड फोम, एन गेज रुळाचे एक-दोन तुकडे, आणि तुमच्या ओळखीचं एखादं ठिकाण. गाडी आमच्याकडे आहे.

काकांचं इंजिन दुरुस्त झालं. नवीन कपलर बसवला, मोटर वाचली होती. गेल्या वेळी त्यांनी ते पुन्हा कापडातून काढून रुळावर ठेवलं, पण माझ्याकडून सीव्ही ५ चा आकडा वाचून दाखवायला लावल्यावरच.