दुखणें एकाचें, बोलणें दुसऱ्याचें

गेल्या वर्षीं आमच्या सासूबाईंच्या पित्ताशयावर शस्त्रक्रिया झाली. दुसरे दिवशीं पहाटे घसा सुकल्यामुळें त्यांनीं ‘पाणी, पाणी’ अशी हांक मारली. परिचारिका तत्परतेनें धांवली, परंतु ती तापमापक घेऊन! ती होती केरळची, नुकतीच कामावर रुजू झालेली. मल्याळम् भाषेंत ‘पनि’ म्हणजे ताप. पाण्याला म्हणतात ‘वेळ्ळम्’. उलगडा होतांच आम्ही सारींच हंसलों.

सायंकाळचा प्रसंग मात्र हंसण्यासारखा नव्हता. ‘अम्मा, दुखतें?’ असें तिनें विचारलें. सासूबाईंनीं तोंड उघडण्यापूर्वींच आम्ही तिघांनीं उत्तर दिलें, ‘नाहीं, नाहीं, थोडा वायु धरला आहे.’ सासूबाई गप्प राहिल्या. मुलाच्या देखत कुरकुर करावयाची नाहीं, हें त्यांच्या पिढीचें वळण.

रात्रीं मी एकटीच उशाशीं होतें. तेव्हां त्या हळूच म्हणाल्या, ‘अग, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय.’ कपाळावर घाम डंवरला होता. मी परिचारिकेला बोलावून आणलें. तिनें स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलें, ‘अम्मा, वेदना?’ हा शब्द दोन्ही भाषांचा. सासूबाई मान हलवून म्हणाल्या, ‘वेदना नव्हे ग, भार.’ ‘भारम्!’ ती एकदम गंभीर झाली. संस्कृतांतून आलेला हाही शब्द तिच्या ओळखीचा होता. तिनें तत्काळ डॉक्टरांना बोलावलें. हृदयाचा आलेख काढला, तों झटक्याचें निदान झालें. उपचार वेळेवर मिळाले, म्हणून आज सासूबाई आमच्यांत आहेत.

वृद्धांना, स्त्रियांना व मधुमेही रुग्णांना असा झटका तीव्र कळेशिवायही येतो. कधीं नुसता भार, धाप, घाम वा मळमळ एवढेंच लक्षण असतें. म्हणून दुखण्याचा प्रकार कळणें महत्त्वाचें. आपल्या भाषेंत ठणका निराळा, चमक निराळी, मुरडा निराळा. कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेल्झॅक यांनीं 1975 सालीं वेदनेचे असेच इंग्रजी शब्द वर्गवार लावून रुग्णांसाठीं प्रश्नावली प्रसिद्ध केली. परंतु रुग्णाच्या वतीनें घरचींच माणसें बोलूं लागलीं, तर हे सारे भेद ‘थोडें दुखतें’ एवढ्या दोन शब्दांत बुडून जातात.

यावर उपाय घरगुतीच आहेत. परिचारिकेनें रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर रुग्णालाच देऊं द्यावें. आपण केवळ दुभाष्याचें काम करावें, आणि सांगितलें तेवढेंच सांगावें. पाणी, धाप, चक्कर, लघवी, भार असे दहाबारा शब्द परिचारिकेला तिच्याच लिपींत लिहून घेण्यास सांगावें व तो कागद खाटेपाशीं ठेवावा. उपवास असल्यास तोही आधींच कळवावा. आणि दिवसांतून कांहीं वेळ तरी आपण खोलीबाहेर जावें. चारचौघांत न बोलवणारी गोष्ट परक्या मुलुखांतून आलेल्या त्या लेकीपाशीं पुष्कळदां सहज बोलली जाते.

कुटुंबाचा आधार मोठा खराच. परंतु त्या आधारानें रुग्णाचें तोंड बंद होतां कामा नये.