आधी म्यान पाहा, मग पातं

उत्तर आफ्रिकेतला जुना खंजीर हाती आला, तर आधी म्यान न्याहाळावं. त्यावर चामड्याचं रुंद कडं असेल, तर तो बहुधा सहारातल्या तुआरेगांचा ‘तेलेक’. तो डाव्या हातावर, मूठ मनगटाकडे ठेवून बांधतात. मूठ क्रुसाच्या आकाराची.

मोरोक्कोच्या ‘कुमिया’चं पातं टोकाकडे वळतं. म्यानाच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांत गोफ ओवून तो खांद्यावरून अडकवतात. अल्जीरियातल्या काबिल लोकांची ‘फ्लिसा’ सरळ, एकधारी.

पातं मात्र चकवतं. मोरोक्कोच्या काही सरळ खंजिरांना १८७४च्या फ्रेंच ग्रा संगिनीचं पातं बसवलेलं असतं. पाठीवर शस्त्रकारखान्याचं नाव आणि सालही कोरलेलं सापडतं. ते साल पात्याचं, खंजीर त्यानंतरचा.

जुनं म्यान घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका. ओळखीचा पुरावाच त्यात पुसला जातो.