दुसरी बाजू ऐकण्याआधी

आपल्यापैकी अनेकजण इथे दुकान, रेस्टॉरंट किंवा छोटीशी कंपनी चालवतात. अशा धंद्यावर जाहीर आरोप झाला, तर कायदा काय संरक्षण देतो? गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व फौजदारी खटल्यात कंपनीलाही लागू असते. पण नाव खराब व्हायला खटलाच भरावा लागतो असे नाही. म्हणून एन्सवर्थ प्रकरण समजून घेण्यासारखे आहे.

भ्रष्टाचाराच्या फिट्झजेराल्ड चौकशीनंतर क्वीन्सलंडमध्ये १९८९ साली क्रिमिनल जस्टिस कमिशन स्थापन झाले. राज्यात पोकर मशीन आणण्याचा विचार चालू असताना, १९९० साली, त्याने एक अहवाल दिला. एन्सवर्थ समूहाला या व्यवसायात येऊ देऊ नये, अशी त्यात शिफारस होती. ही यंत्रे बनवणाऱ्या त्या कंपन्यांना आपले म्हणणे मांडण्याची संधी मात्र दिलेली नव्हती.

राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना दाद दिली नाही. प्रकरण कॅनबेराच्या हायकोर्टात, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या न्यायालयात गेले. १९९२ साली त्याने निकाल दिला: धंद्याची पत हीही जपण्याची गोष्ट आहे, तिला धक्का लावण्यापूर्वी कमिशनने त्यांची बाजू ऐकायला हवी होती.

पण हाती काय आले? अहवाल ही नुसती शिफारस. रद्द करावा असा कायदेशीर परिणामच त्याला नव्हता. कमिशनने न्याय्य पद्धत पाळली नाही, एवढे न्यायालयाने जाहीर केले. आरोप खरे की खोटे, हे त्याने ठरवले नाही.

या संरक्षणाला मर्यादाही आहेत. ‘स्वतःविरुद्ध पुरावा देणार नाही’ असे म्हणून कंपनीला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे हायकोर्टाने १९९३ साली कॅल्टेक्स प्रकरणात सांगितले. तेव्हा सरकारी खात्याची नोटीस आली, तर हिशेब आणि नोंदी तयार ठेवून मुदतीत लेखी उत्तर देणे हेच शहाणपणाचे.

बाजू ऐकण्याचे हे बंधन सरकारी यंत्रणेवर आहे, आपल्या गप्पांवर नाही. ग्राहकाला तक्रार असेल तर त्याने ती जरूर करावी, पण कौन्सिलकडे किंवा ग्राहक संरक्षण खात्याकडे. नुसत्या ऐकीव बातमीवर आपण एखाद्या दुकानाची पायरी चढणे सोडले, तर पुढे चौकशीत ते निर्दोष ठरले तरी तोवर त्याला टाळे लागलेले असू शकते.